विलायती मुळ्याची चटणी

चटणीच्या वाटीत पाणी ओतून झालं, आणि मग गोपिकेच्या लक्षात आलं की ते उकळतं होतं. ओट्यावर दोन सारखी पातेली होती. एकात चहाचं आधण, दुसऱ्यात माठातलं गार पाणी. मनच घरात नव्हतं, तर हात तरी कुठून जागेवर असणार! तिनं घाईघाईनं वाटीत बोट बुडवून चाखलं. नाकात काही नाही, डोळ्यांत काही नाही. मोहरी मेली होती, किसलेला मुळा शिजून गिळगिळीत झाला होता. नवी करायची तर डब्यात मोहरीचा दाणा शिल्लक नव्हता.

‘खा म्हणावं आज अशीच,’ ती मनात म्हणाली आणि वाटी सासऱ्यांच्या ताटात ठेवली. तासाभरात तिचा भाऊ रवींद्र कुहीहून तिला माहेरी न्यायला येणार होता. चार दिवसांसाठी नाही, कायमचं.

ही चटणी सुशीलची. सुशील तिचा नवरा, वर्धा रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलात स्वयंपाकी होता. त्याच्या वडिलांच्या, म्हणजे वामनरावांच्या, हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टरांनी मीठ तोडलं, लोणचं-पापड बंद केले. वामनरावांनी तिसऱ्या दिवशी ताट सरकवून दिलं. मग सुशीलनं हॉटेलातून थोडा हॉर्सरॅडिश सॉस आणला. विलायतेतल्या, मुळ्यासारख्या एका तिखट मुळाची पांढरी चटणी. वामनरावांनी बोटभर चाटली, डोक्याला हात लावला, डोळे पुसले आणि भाकरी मागून घेतली. “मीठ जिभेले लागते बाबा,” सुशील हसून म्हणाला, “हे नाकानं खायचं.”

ते मूळ काही नागपूरच्या बाजारात मिळेना. तेव्हा त्यानं गोपिकेला इथली तोड शिकवली. पांढरा मुळा किसायचा, मोहरी वाटून गार पाण्यात फेसायची, दहा मिनिटं झाकून ठेवायची, मग वरून दही आणि लिंबू. तेल नाही, मीठ नावापुरतं. उकडलेल्या बटाट्यावर घाला, बिटाच्या कोशिंबिरीत कालवा, ज्वारीच्या भाकरीला लावा. “पण गार पाणी वं, गार,” तो दर वेळी बजावायचा. “गरम पडलं का खेळ खलास.”

तीन महिन्यांपूर्वी डेंग्यूनं सहा दिवसांत सुशीलला नेलं. आणि वामनराव रडले नाहीत. घाटावर नाही, तेरवीला नाही. जरीपटका बाजारात कापडाच्या दुकानात चाळीस वर्षं गिऱ्हाईकांसमोर उभा राहिलेला माणूस तो, पोराला अग्नी देतानाही तसाच ताठ उभा राहिला. तेरवीच्या जेवणात त्यांनी चटणी मागितली, तेव्हा पंगतीतल्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. शेजारच्या शोभाताई तर बोलूनच गेल्या, “माणूस आहे का गोटा वं?”

गोपिकेला ते जिव्हारी लागलं होतं, कारण तिलाही तेच वाटत होतं. नंदनवन वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत सुशीलचं नाव कोणी काढत नव्हतं. ती मोरीत नळ सोडून रडून घ्यायची. वामनराव दोन्ही वेळा चटणी मागायचे आणि चटणी खाताना त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायचं. ते बघून तिचा जीव जळायचा. मुळ्यासाठी डोळ्यांत पाणी आहे म्हाताऱ्याच्या, पोरासाठी नाही! एकदा तिनं विचारलंही होतं, “मामाजी, एवढी झोंबते, तर मोहरी कमी टाकू का?” ते घाईघाईनं म्हणाले होते, “नको नको. राहू दे. अजून थोडी टाकत जाय.” त्या दिवशीच तिनं ठरवलं, या घरात राहायचं नाही.

आता वामनराव ताटावर बसले. गोपिका स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. ते ओरडतील, ताट सरकवतील, मग तीही तीन महिन्यांचं सगळं बोलून मोकळी होणार होती.

वामनरावांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत चांगला घोळवला आणि तोंडात घातला. दुसरा घातला. मग त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी दुपट्ट्यानं पुसले, तर पुन्हा भरले. नाक वाहायला लागलं, हनुवटी थरथरायला लागली, पाणी थेट ताटात पडायला लागलं.

“आज लय झोंबून राहिली वं, पोरी,” ते खाली बघत म्हणाले.

गोपिका येऊन त्यांच्यासमोर खाली बसली. तिनं त्यांच्याच वाटीतली बोटभर चटणी घेतली आणि तोंडात घातली. पिठासारखी मऊ, गोडसर. मग तिलाही आवरेना. तीन महिन्यांत पहिल्यांदा ती कुणासमोर रडत होती. वामनरावांनी मान वर न करता पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला.

रवींद्र मोटरसायकल लावून आत आला आणि उंबऱ्यातच थबकला. “काय झालं वं ताई? काहून रडून राहिले तुम्ही दोघं?”

गोपिकेनं पदरानं तोंड पुसलं.

“चटणी झोंबली गा. तू जेव अन् जाय कुहीले. संध्याकाळची मलेच करा लागते.”