चिकटपट्टी

"काका, आता ही लावा ना!" ढिगातून एक कॅसेट उपसून मुलगी म्हणाली. गाजलेली गाणी भलत्याच ढंगात गाणारे, कुणी न ऐकलेले गायक ऐकायला चार पोरं दर रविवारी विद्याधरांकडे जमायची.

कॅसेटच्या कडेची चिकटपट्टी पाहून विद्याधर चपापले. बायकोनं, शैलजानं, हौसेनं या कॅसेटवर एक भावगीत आपल्याच चालीत गायलं होतं, आणि त्यावर दुसरं काही भरता येऊ नये म्हणून कडेचा प्लास्टिकचा तुकडा स्वतः मोडला होता. विद्याधरांनी तिथं पडलेल्या भोकावर पट्टी चिकटवून कुठलासा परदेशी बँड भरला. ती बिचारी काही बोलली नाही. आता तर बोलायला उरलीच नव्हती.

त्यांनी कॅसेट लावली. बँड संपला. खरखरीमागून शैलजाची, पुसायची राहून गेलेली, शेवटची ओळ आली.

"कसलं भारी! या बाईंचं आणखी काही आहे?"

"होतं," विद्याधर म्हणाले.