मुदतीआधी

श्रीमंत तोच, ज्याला ठेव मोडावी लागत नाही. हे वाक्य नरहर देवस्थळी यांनी लखनौच्या एका खासगी हॉस्पिटलात, हृदयाच्या डॉक्टरांच्या केबिनबाहेर, लोखंडी खुर्चीवर बसून बायकोला ऐकवलं. पद्माताईंनी नुसती मान हलवली. बोलायला त्यांना दम पुरत नव्हता.

आत डॉक्टरांनी हृदयाची एक झडप बदलायला सांगितली होती. लखनौत वाईट बातमीसुद्धा ऐकणाऱ्याला तोशीस पडू नये अशा बेताने देतात. "ऐसी कोई आफ़त नहीं है, आप तसल्ली से सोच लें," डॉक्टर म्हणाले, "बस, देर न कीजिएगा." नरहररावांनी यातलं अर्धं वाक्य घेतलं. उरलेलं त्यांना अदबीचा भाग वाटला.

नरहरराव सरकारी बँकेतून चीफ मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. नियम असे पाठ, की हाताखालची मंडळी त्यांना चालतंबोलतं सर्क्युलर म्हणत. शेवटची बदली लखनौला झाली, जानकीपुरममध्ये घर झालं, आणि ते तिथेच राहिले. घरात कूलर होता, दारात स्कूटर होती, आणि बाकी सगळ्या ठेवी होत्या.

ठेवी पद्माताईंच्या नावावर. पद्माताई नवऱ्याहून दहा महिन्यांनी मोठ्या. लग्नात ही गोष्ट दोन्ही घरांनी दाबून टाकली होती. पण त्या साठीला आधी पोचल्या, ज्येष्ठ नागरिकाचा अर्धा टक्का आधी सुरू झाला, आणि तेव्हापासून नरहरराव ती आल्यागेल्याला कौतुकाने सांगू लागले. आरोग्य विमा त्यांनी त्याच वर्षी बंद केला. हप्ता वाढला होता, आणि दोघंही ठणठणीत असल्यामुळे परतावा काहीच मिळत नव्हता.

ऑपरेशनला पुरेल अशी एक नव्हे, पाच ठेवी होत्या. त्यातली सगळ्यात जवळची गणपतीत पिकणार होती. आता कुठे जून लागला होता. मुदतीआधी मोडली तर व्याजात एक टक्का दंड.

"माझ्याच नावावर आहे ना ती?" रिक्षात बसल्यावर पद्माताई म्हणाल्या. "कागद आणा. मी सही करते."

नरहरराव हसले. पोराने गाडीची किल्ली मागितली की बाप हसतो, तसे. नावावर असणं निराळं आणि समजणं निराळं, असं त्यांनी घर येईपर्यंत समजावलं. दंड म्हणजे कमावलेलं हातचं घालवणं. असं करणारी माणसं त्यांनी काउंटरपलीकडून आयुष्यभर पाहिली होती. त्यातलं एकही पुढे वर आलं नाही.

मुलगी जुई गुडगावला नोकरीला. तिला मराठी सगळं कळे, बोले मात्र हिंदीत. "पापा, तोड़ दो ना यार एफडी," ती फोनवर म्हणाली. "नहीं तो मैं भेजती हूँ." नरहरराव दुखावले. पोरीपुढे हात पसरायला आपण काय भिकेला लागलोय, असं त्यांनी विचारलं. पलीकडच्या खोलीत पद्माताई तीन उशांना टेकून बसल्या होत्या. आडवं झालं की धाप लागे, म्हणून रात्रीही त्या तशाच बसून असत. नरहररावांनी फोन ठेवला आणि त्यांना सांगितलं, पोरगी गुणाची आहे, पण तिला पैशाची किंमत नाही.

मलिहाबादचा दशहरी बाजारात आला. पद्माताईंच्या तोंडाला चव नव्हती. त्यांनी एकदा विचारलं, आंबा आला का. आला, पण अजून चढा आहे, असं उत्तर मिळालं. सुरुवातीचा भाव नरहररावांनी जन्मात कधी दिला नव्हता. महिनाअखेर तो उतरतोच, थोडी कळ काढायची.

एका दुपारी पद्माताई कूलरमध्ये पाणी भरायला उठल्या. बादलीशेजारी बसल्या, त्या बसल्याच.

महिनाअखेर भाव उतरला. नरहररावांनी स्वतः मलिहाबादला जाऊन पेटी आणली. ती तेराव्याच्या जेवणाला उपयोगी पडली.

पुढच्या सोमवारी ते जुईला घेऊन बँकेत गेले. शाखेचा मॅनेजर मोहन सक्सेना एके काळी त्यांच्या हाताखाली नवा अधिकारी म्हणून लागला होता. तो उठून उभा राहिला. पाया पडला. चहा आला. मृत्यूचा दाखला नरहररावांनी टेबलावर ठेवला आणि ठेवींच्या पावत्यांवर वारस म्हणून आपलं नाव कुठे आहे ते बोटाने दाखवलं. मोहन म्हणाला, सगळ्या ठेवी आजच बंद करून रक्कम तुमच्या खात्यात टाकतो, आपल्याला परत यायची तकलीफ नको.

नरहररावांनी कप खाली ठेवला. घाई कशाला, असं त्यांनी हिंदीत विचारलं. बाईच्या माघारी तिचं एवढं तरी नीट व्हावं. "गणपति तक चलने दो, मोहन. अभी तोड़ोगे तो एक परसेंट कटेगा."

मोहनने जुईकडे पाहिलं. जुई खिडकीबाहेर पाहत होती.

"सर, डिपॉज़िटर न रहे तो पेनल्टी नहीं कटती," तो हळू आवाजात म्हणाला. "ये तो आप ही ने सिखाया था."

पाचही ठेवी त्याच दुपारी मोडल्या. दंड लागला नाही.