नजर समोर

“नजर समोर. सारखे हातपाय काय बघतेस?” नाचाच्या बाई तिसऱ्यांदा ओरडल्या, तेव्हा दाराशी बसलेल्या आईला राहवेना. तास संपताच ती पुढे झाली.

“बाई, तिच्या पेशींत एक प्रोटीन जन्मापासून बनतच नाही. हात कुठे आहे, पाय कुठे आहे, हे मेंदूला त्याच्यामुळे कळतं म्हणे. आपण डोळे मिटूनही घास बरोबर तोंडात घालतो. ही डोळे मिटले की कोसळते. दिसला तरच हात तिचा.”

“आणि अशी ती चार वर्षं नाचतेय?” बाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तालमीला पालकांना बसू देणं बंद केलं. वार्षिक कार्यक्रमातून लेकीचं नाव कापलं जाणार, असं आई धरूनच चालली होती.

कार्यक्रमात मात्र लेक पहिल्या रांगेत उभी होती आणि तिची नजर थेट समोर होती. आईचा जीव टांगणीला लागला. पण लेकीचं एकही पाऊल चुकलं नाही.

टाळ्या वाजत असताना आईने मागे वळून पाहिलं. प्रेक्षकांच्या शेवटच्या रांगेमागे बाई घामाघूम होऊन उभ्या होत्या, घरच्या कपाटाचं आरशाचं दार दोन्ही हातांनी धरून.