भिंतीबाहेरची

"घट्ट शिव गं," गोबेर म्हणाला. "जेरुसलेमपर्यंत टिकायला हवा."

एर्सां त्याच्या अंगरख्याच्या खांद्यावर लाल कापडाचा क्रूस शिवत होती. तिचं डावं मनगट हल्ली नीट वळत नसे, म्हणून कापड तिनं गुडघ्यांत दाबून धरलं होतं.

"टिकेल," ती म्हणाली.

शेजारचा थिबो दाराला टेकून उभा होता. "अरे, गिरणीचा ओढा ओलांडताना तुला चक्कर येते. समुद्र कसा ओलांडणार?"

"डोळे मिटून."

"जमिनीसाठी चाललायस ना? खरं सांग. की तिकडच्या अंजिरांसाठी?"

गोबेर हसला नाही. तो खिडकीतून चर्चच्या भिंतीकडे बघत होता. भिंतीच्या आत गावची सगळी मेलेली माणसं होती. बाहेर, गवतात, एकच लहानसा उंचवटा होता. हिवाळ्यात त्यांना मुलगी झाली, दिवस भरायच्या दोन महिने आधी. सुईण पाद्रीबाबांना आणायला धावली, पण ते येईपर्यंत सगळं संपलं होतं. बाप्तिस्मा नाही म्हणून नाव नाही, आणि नाव नाही म्हणून आत जागा नाही.

मुलगी दोन महिने आधी का झाली, ते गोबेरला ठाऊक होतं. तेव्हापासून त्यानं दारू सोडली होती. याआधीही त्यानं ती दोनदा सोडली होती.

दुपारी चर्चमध्ये अख्खा गाव जमला. बायकोच्या संमतीवाचून नवऱ्याला क्रूस घेऊन धर्मयुद्धाला जाता येत नसे, म्हणून पाद्रीबाबांनी एर्सांलाही पुढे बोलावलं. पण आधी त्यांनी जुनंच उगाळलं.

"जीव जात असला की कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, बाई. सुईणही, आईही. तीन ओंजळी पाणी आणि एक वाक्य. तेवढंही झालं नाही तुझ्या हातून."

"मी शुद्धीवर नव्हते, बाबा."

गोबेरनं मान खाली घातली. "बाबा, मी तिथं लढलो, तर ती आत येईल ना?"

"ख्रिस्ताची कबर सोडवणाऱ्याला ख्रिस्त एका लेकराची कबर नाकारील का?"

याला काही 'हो' म्हणत नाहीत. गोबेरला तेवढं पुरलं. तो सगळ्यांदेखत रडू लागला.

पाद्रीबाबा एर्सांकडे वळले. "मागच्या वेळी या गावातून अकरा जण गेले. एकच आला. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"तरी संमती आहे?"

ती नवऱ्याच्या ओल्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आहे."

बायकांनी डोळे पुसले. थिबोनं टोपी काढली. "लेकरासाठी नवरा दिला हिनं," तो पुटपुटला.

तिसऱ्या दिवशी सकाळी माणसं निघाली. गिरणीच्या वळणावर लाल क्रूस दिसेनासा झाला, तेव्हा एर्सां भिंतीपाशी गेली आणि उंचवट्यावरचं गवत उपटत बसली.

"गेला, एमलीन," ती म्हणाली. "त्याचं जहाज सुटलं, की पाद्रीबाबांना सांगते. तीन ओंजळी पाणी घातलं होतं मी तुला."