दवयंत्राची जागा

दवयंत्र परसात बसलं असतं, तर सरपंच रंजनाताईंना दारात पाणी मिळालं असतं आणि सासूची कुरकुरही थांबली असती. परदेशी मदतीतून आलेलं ते यंत्र हवेतून पाणी गाळायचं, स्वतःच्या पायांनी चालायचं आणि जागाही स्वतःच हेरायचं. आता ते परसाच्या कुंपणाशी ग्रामसभेच्या होकारासाठी ताटकळलं होतं.

"जागा त्यानंच निवडलीय. तू कशाला मोडता घालतेस?" सासूबाई म्हणाल्या.

"त्याला हवेतलं दव दिसतं, आत्याबाई. डोंगरावरच्या ठाकरवाडीच्या बायांचे हंडे दिसत नाहीत."

दवंडी देऊनही निम्मं गाव कुंपणापाशी भरलेल्या सभेला आलं नव्हतं. रजिस्टर घरी येईल तेव्हा सही करू, ही नेहमीची रीत. यंत्र मात्र समोरचेच हात मोजायचं, म्हणून रंजनाताईंनी अख्खी ठाकरवाडी डोंगरावरून खाली आणली होती.

"वाडीत पाणी निम्मंच निघेल," यंत्रानं बजावलं.

"प्यायला पुरेल, बाबा. इथलं जास्तीचं मोटारी धुण्यात जाईल."

हशा पिकला, वाडीचे हात वर झाले आणि यंत्र निमूट चढणीला लागलं.

"आणि आपलं पाणी गं?" सासूबाईंनी विचारलं.

रंजनाताईंनी हंडा उचलून नदीची वाट धरली. यंत्राचे पैसे परदेशानं भरले होते. त्याच्या जागेची किंमत सरपंचबाईंच्या कमरेनं भरली.