अक्षरामागची खूण

आमच्या सूनबाईचं शिकवणं म्हणजे हातचं राखून. मला फोन दिला आणि म्हणाली, "आई, अक्षर दाबून धरा, मागची दडलेली चिन्हं वर येतात." कुठल्या अक्षरामागे काय, ते मात्र सांगितलं नाही.

दुपारी सरावाला तिलाच निरोप लिहीत होते. एक अक्षर दाबून धरलं, तर बारीक चिन्हांची रांग आली आणि त्यांत आमची खूण उभी. गोल, त्याला दोन पाय.

मला तेव्हा धड वाचता येत नव्हतं, म्हणून ती आमच्या ह्यांनी शोधली होती. कामावर निघताना खडूने दारामागे काढायचे. अर्थ एवढाच, की येतो. आम्हा दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. ते वारले, तेव्हापासून दार कोरंच आहे. मी रोज बघते.

बोट घसरलं आणि खूण सूनबाईला गेली. स्वयंपाकघरात तिचा फोन वाजला.

"आज इतक्या लवकर, मामंजी?" नुसती खूण बघून ती हळूच हसली. "थांबा हं, आई अजून जाग्या आहेत."

मी तिच्यामागे जाऊन उभी राहिले.

"सूनबाई, वाट मी बघितली आणि माणूस तुझ्याकडे येत राहिला. घरफोड्या परवडला गं, तू नाही."