सुयांचा डबा

"तुला शुगर आहे, एवढंच सांगायचं," डस्टिन आईच्या कानाशी पुटपुटला. "सुया तुझ्या. तो काळा पडलेला चमचाही तुझाच. तुझा पहिलाच गुन्हा, दंडावर सुटशील. माझा तिसरा आहे. मी आत जाईन गं."

लोरेटा कोर्टाबाहेरच्या बाकावर जरा बाजूला सरकली. त्याच्या जाकिटाला आंबूस वास येत होता. गाडी तिच्या नावावर, म्हणून नशेचं सामान बाळगल्याचा आरोपही तिच्यावर. व्हर्जिनियातल्या त्या खाणीच्या गावात बासष्ट वर्षांत कुणी तिच्याकडे बोट दाखवलं नव्हतं. शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी जाणार, हे तिला ठाऊक होतं. तरी सकाळी ती त्याला हो म्हणाली होती. पोटचा पोरगा.

तिच्या वकीलबाई पोलिसांनी काढलेला फोटो घेऊन आल्या. गाडीत सापडलेलं सगळं त्यात मांडलेलं होतं. चमचा, लायटर, रबरी पट्टा, नारिंगी टोपणाच्या चार सुया. सुयांवर निळ्या शाईच्या रेघा.

रेघा लोरेटाच्याच. इन्सुलिनच्या सुया महाग, म्हणून ती एकेक सुई तीन-तीन दिवस वापरायची. वापरलेलीवर रेघ ओढून परत डब्यात ठेवायची.

"माझ्या डब्यातल्या?"

"चोरल्या नाहीत हां," डस्टिन दुखावल्यासारखा म्हणाला. "दर वेळी परत ठेवतो. तुला कधी एक तरी कमी पडली का?"

"परत ठेवतोस?"

"धुऊन. नळाखाली चांगल्या."

लोरेटानं तोंडावर रुमाल दाबला. आज सकाळीच तिनं पोटात सुई टोचून घेतली होती. काल दोनदा. त्याआधी कितीदा, देव जाणे. त्याच्या कोपरापाशी एक जखम पिकून चिघळली होती. तिची नजर तिथं गेल्यावर त्यानं बाही खाली ओढली.

आतून तिचं नाव पुकारलं.

"आई, ठरलंय ना आपलं?" त्यानं तिचा हात धरला.

तिनं त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि हात स्कर्टला पुसला.

"गुन्हा कबूल आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही. सुया मी इन्सुलिनसाठी आणल्या होत्या. नशा माझा मुलगा करतो. बाहेर बाकावर बसलाय."

वकीलबाईंनी तिचा दंड दाबला. दोन पोलीस दाराकडे निघाले. बाहेर पळापळ झाली, मग "आई!" अशी हाक आली.

लोरेटानं मागे वळून पाहिलं नाही.

"आणखी काही सांगायचंय?"

"हो," ती म्हणाली. "इथं रक्त कुठं तपासून मिळतं?"